रंभाजी गेजवाल्याची फरशी

माझ्या घराच्या मागच्या दारात एक शहाबादी फरशी पडून आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, एका बाजूची कड घासून पातळ केलेली आणि अंगावर जागोजाग तपकिरी डाग. सून दर दिवाळीला विचारते, ही टाकून देऊ का? मी नाही म्हणतो. का ठेवली आहे ते तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की माझीच अब्रू जाते. पण आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की जपण्यासारखी अब्रू फारशी उरलेली नाही. म्हणून सांगतो.

फरशी रंभाजीची, माझी बदली झाली तेव्हा त्याच्याकडून मागून आणलेली. १९७१ साली मी डिप्लोमा करून नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका कालव्यावर ओव्हरसियर म्हणून रुजू झालो, तेव्हा रंभाजी पन्नाशीला आलेला होता. मी बावीस वर्षांचा, मिशी नुकती जमलेली, आणि सगळे मला रावसाहेब म्हणत. आमच्या खात्यात ओव्हरसियरला रावसाहेबच म्हणतात, पण मला ते माझ्या कर्तबगारीमुळे म्हणतात असं वाटायचं.

रंभाजी गेजवाला होता. कालव्यातून निघणाऱ्या एका चारीच्या तोंडाशी दगडी भिंतीत फूट-इंच कोरलेली पट्टी होती. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तिथं जायचं, पाणी पट्टीवर कुठपर्यंत आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. काम एवढंच. पण हा माणूस ते देवपूजेसारखं करायचा. आधी धोतराच्या सोग्यानं पट्टी पुसायची, मग उकिडवं बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, लाट बसेपर्यंत थांबायचं, मगच आकडा. वारा असला तर दहा मिनिटं नुसता बसून राहायचा. चौथीपर्यंत शिकलेला, पण अक्षर असं की माझ्यापेक्षा बरं. बावीस वर्षांत वहीत एकही खाडाखोड नव्हती. ही गोष्ट तो स्वतःहून कधी सांगत नसे, पण नवा साहेब आला की वही अशी काही उघडून ठेवायचा की त्यानं विचारावंच.

पट्टीवरच्या खोलीवरून पाणी किती जातंय हे सांगणारा एक तक्ता होता. चारी नवी होती तेव्हा कुणा साहेबानं केलेला. अडीच फूट खोली असली की वीस क्युसेक, असं सगळं छापलेलं. वर्षातून एकदा रंभाजी तक्ता तपासायचा. त्यासाठी त्यानं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची एक चकती केली होती, तांबड्या रंगाची. शंभर फुटांवर दोन दोऱ्या बांधायच्या, चकती चारीच्या मधोमध सोडायची आणि एका दोरीपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. वरचं पाणी जरा जोरात पळतं, म्हणून आलेल्या वेगातून पुस्तकात दिल्याप्रमाणे थोडं वजा करायचं. पाणी मोजायची हीच रीत होती, आणि बावीस वर्षं ती बरोबर येत होती.

चारी साडेचार मैल लांब. तिच्या शेवटच्या गावाला आम्ही टेलचं गाव म्हणायचो. तिथला पाटकरी छगन. दारं उघडायची, बंद करायची, पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, हे त्याचं काम. छगन त्याच गावचा, बौद्ध वस्तीतला, सरकारी नोकरीत लागलेला वस्तीतला पहिला माणूस. चौदा वर्षं त्यानं आणि रंभाजीनं एकत्र काढली होती. चारीच्या शेवटी पाणी मोजायची जी खाच होती, ती वाचायला छगनला रंभाजीनंच शिकवलं. दोघं हॉटेलात एका बाकावर बसून चहा प्यायचे. छगनच्या घरचं पाणी मात्र रंभाजी पीत नसे. "तहान न्हाई रं," म्हणायचा. त्याला कधीच तहान लागत नाही हे छगनला चांगलं कळत होतं, आणि तो आग्रह करत नसे.

बहात्तरच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. त्याबद्दल लांबण लावत नाही, ज्यांनी ते साल बघितलंय त्यांना सांगायला नको. धरणात तळाला जे होतं, त्यातून डिसेंबरात एक आवर्तन सोडायचं ठरलं. शेताला नव्हे, पिण्याला. टेलच्या गावाचा तलाव आणि त्याच्याखालच्या विहिरी भरून घ्यायच्या, की माणसं-जनावरं उन्हाळा काढतील.

आवर्तनाआधी चारीतलं शेवाळ आणि गवत काढायचं, असा दरवर्षीचा नेम. त्या वर्षी बिगारी मिळेनात. सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी दोन-तीनदा निरोप धाडले, कुणी आलं नाही. आणि सफाई झाल्याचा दाखला तर वर पाठवायचा होता, त्याशिवाय पाणी सुटणार नव्हतं. मी विचार केला, तोंडाशी शंभरेक फूट साफ करून घेऊ, पुढचं गवत असून असून किती असणार? दाखल्यावर सही केली आणि पाठवून दिला. ही माझी सही लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केलाय.

पाणी सुटलं. रंभाजीनं साफ केलेल्या त्या शंभर फुटांत चकती सोडून बघितली. जवळपास वीस क्युसेक आले. सकाळ-संध्याकाळ खोली अडीच फूट, वहीत तशी नोंद. बारा दिवस पाणी चाललं. आणि बारा दिवसांनी तलाव निम्मासुद्धा भरला नव्हता.

छगनच्या वहीत शेवटच्या खाचेवर रोज नऊ क्युसेक होते. वर वीस, खाली नऊ. साडेचार मैलांत जिरण्यात गेलेले तीन धरले तरी आठ क्युसेक पाणी बारा दिवस कुठे गेलं? गावानं फार विचार केला नाही. चारीच्या कडेला उत्तमरावांचा ऊस होता, विहिरीवर इंजिन असल्यामुळे अजून हिरवा. सगळ्या रानात तेवढंच हिरवं. म्हणजे छगननं गावाच्या तोंडचं पाणी उत्तमरावांच्या उसात सोडलं. पाटकऱ्याच्या हातात दारं असतात, आणि त्यातून तो वस्तीवरचा. लोकांना पटायला एवढं पुष्कळ झालं. त्याची बायको राहीबाई पाण्याला गेली की तिला सगळ्यांच्या शेवटी उभी करायला लागले. वस्तीचा आड आटला होता, गावच्या विहिरीवर जाण्यावाचून तिला इलाज नव्हता.

आमच्या वरच्या साहेबांनी चौकशी लावली. तारीख तीन आठवड्यांनंतरची, जानेवारीतली.

चौकशीचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रंभाजी माझ्या क्वार्टरवर आला. दारातच उभा राहिला.

"रावसाहेब, आपला आकडा खोटा हाय."

"कुठला आकडा?"

"वीसचा. पट्टीवर अडीच फूट हुतं, त्यात खोट न्हाई. पन आत येवढं पानीच न्हवतं. मी काल पार टेलपातूर चालत गेल्तो. गुडघाभर शेवाळ हाय. वरलं पानी पळतंय, खालचं झोपलंय. त्या झोपलेल्या पान्यानं वरलंबी आडवून धरलंय, म्हून इथं खोली दिसती. मी साफ केल्याल्या तुकड्यात चकती सोडली, आन् ती बी मधोमध, वरल्या पान्यात. तिला खालचं काय कळनार?"

हा माणूस जे सांगत होता ते मी पुस्तकात शिकलो होतो. बाउंड्री लेअर. सपाट पृष्ठभागावरून पाणी किंवा हवा वाहते तेव्हा पृष्ठभागाला लागून असलेला थर जागचा हलत नाही, त्याच्यावरचा त्याला धरून सावकाश सरकतो, त्याच्यावरचा जरा जोरात, असं करत करत वरचं पाणी मोकळं. परीक्षेत बारा मार्कांना आला होता. आकृती मी घोकून गेलो होतो, बारापैकी दहा पडले. ते दहा मार्क इथं चारीत शेवाळाखाली पडले आहेत, हे मला रंभाजीनं सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

पण शेवाळ म्हटलं की सफाई आली, आणि सफाई म्हटलं की माझी सही.

मी म्हणालो, "रंभाजी, तू म्हणतोस ते असेलही. पण साहेब पुस्तकातला माणूस. पुराव्याशिवाय ऐकायचा नाही."

मला त्याला वाटेला लावायचं होतं, बाकी काही नाही. पण रंभाजीला कुणी पुरावा मागितला म्हणजे त्याची झोप उडायची. "व्हय, पुरावा पायजे," असं स्वतःशी म्हणत तो गेला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो तर परसात एक लाकडी पन्हळ उभी. आठ फूट लांब, जुन्या दाराच्या फळ्यांची, आतून डांबर लावलेली. एका बाजूला फळीऐवजी काच होती, पडक्या चौकीच्या खिडकीतून काढून आणलेली. पन्हळीच्या एका टोकाला पाणी यायचं, ते आधी गव्हाच्या जुन्या चाळणीतून गाळून शांत व्हायचं, मग पुढं जायचं. आणि मध्ये विटांच्या तुकड्यांवर, तळापासून उचलून ठेवलेली ही फरशी. तिची पुढची कड त्यानं घासघासून धारदार केली होती.

"कड कशाला घासलीस?"

"बोथट आसंल तर पानी तिथंच बिथरतंय. मग पुढलं खरं काय त्ये दिसत न्हाई."

कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेत असलं काही नव्हतं. होतं ते कपाटात कुलपात होतं.

त्यानं विहिरीत टाकायचं औषध, ते जांभळट पण तपकिरी डाग पाडणारे खडे, कागदाच्या पुडीतून काढले. घागरीच्या बुडाला बसवलेलं बूच सैल केलं. पाणी चाळणीतून फरशीवर सरकायला लागलं, जेमतेम हलतंय असं. मग त्यानं एक बारीक खडा चिमटीनं वरून सोडला. खडा तळाला जाताना पाण्यात एक सरळ जांभळी रेघ उभी राहिली. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ वाकू लागली. वरचा भाग पुढं गेला, मधला मागं मागं, आणि पाय फरशीला चिकटून तिथल्या तिथे. पाहता पाहता विळ्यासारखी झाली.

"आता पुढं बघा," म्हणून त्यानं दुसरा खडा फरशीच्या पुढच्या कडेजवळ सोडला, तिसरा मागच्या टोकाला. कडेजवळची रेघ फक्त पायाशी, बोटभरसुद्धा नाही, तेवढीच वाकली. मागच्या टोकाची चांगली चार बोटं. जसजसं पाणी फरशीवरून पुढं जाईल तसतसा झोपलेला थर जाड होत जातो. माझी बारा मार्कांची आकृती काचेमागं जिवंत झाली होती. मग त्यानं फरशीवर भिजवलेलं गोणपाट पसरलं, शेवाळाच्या जागी. पुन्हा खडा. या खेपेला निम्म्यापेक्षा जास्त रेघ मागंच राहिली.

"हे बघा, रावसाहेब. अशी चारी हाय आपली."

मला खरंच हरखल्यासारखं झालं. दोन मिनिटं मी माझी सही विसरलो. तेवढ्यात मनकर्णाबाई, त्याची बायको, मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"बघितलं का रावसाहेब, काय चाललंय ते? दीड मैलावनं पानी आनतीय मी डोक्यावर. आन् ह्ये त्यात आवशीद टाकून खेळ मांडत्यात. दोन घागरी! पिता येत न्हाई, कालवान करता येत न्हाई. म्हशीनंबी तोंड लावलं न्हाई काल."

"छगनसाटी करतुया," रंभाजी म्हणाला.

"छगनसाटी करायचंय तर कचेरीत जाऊन सांगा की तोंडानं. त्याला फरशी कशाला लागती?"

बाई बरोबर बोलत होती. पण रंभाजीनं ऐकलं नाही आणि मी तर मुद्दाम ऐकलं नाही. चौकशीच्या दिवसापर्यंत तो त्या पन्हळीला चिकटून होता. गोणपाट काढायचा, शेवाळ लावायचा, पाणी कमी-जास्त करायचा, खडे सोडायचा, रेघ कुठं किती वाकली ते दोऱ्यानं मोजून जुन्या फॉर्मांच्या पाठीवर काढायचा. छगन एक-दोनदा येऊन गेला म्हणतात, लांब उभा राहून बघून गेला. त्याला रंभाजी म्हणाला, "थांब, पक्कं होऊ दे." पक्कं कशाला हवं होतं? आपला आकडा चुकला हे एक वाक्य होतं. पण बावीस वर्षांत ज्याच्या वहीत खाडाखोड नाही, त्याला ते वाक्य जड जात होतं. चूक आपली नाही, पाण्याच्या स्वभावाची आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. आज हे मला स्वच्छ दिसतं. तेव्हाही दिसत असावं, पण माझ्या सोयीचं होतं.

चौकशी खात्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात झाली. साहेब खुर्चीवर, मी बाजूला फायली घेऊन, टेलच्या गावचे सरपंच, श्रीमंत नावाचे, आणि पाच-सहा माणसं पायरीवर. छगन खाली उन्हात. रंभाजी काखेत कागदांची गुंडाळी घेऊन आला होता. पन्हळ त्यानं बैलगाडीत घालून आणली होती आणि गाडी बंगल्याच्या झाडाखाली उभी होती. घागरीसकट.

साहेबांनी आधी छगनला विचारलं. छगन म्हणाला, "साहेब, पाटात गवत हाय. पानी येतच न्हवतं, तर मी कुटनं सोडनार? दारं मी उघडली न्हाईत."

साहेबांनी फाईल चाळली, माझा दाखला काढला, वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "सफाई झाली होती ना?"

"दाखला दिलेला आहे, साहेब," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. दाखला दिलेलाच होता.

मग रंभाजीची पाळी.

"गेजची नोंद तुझी?"

"व्हय, साहेब."

"रोज अडीच फूट?"

"अडीच फूट. पन साहेब, त्ये तळातलं पानी..."

"तळाचं मी विचारत नाही. नोंद बरोबर आहे की चुकीची, तेवढं सांग."

"साहेब, मी बाहेर गाडीत एक पन्हळ आनलीया. येक डाव बघा, फकस्त दहा मिंटं..."

पायरीवरची माणसं हसली. साहेबांना दुपारी नगरला पोचायचं होतं. कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "पन्हळ-बिन्हळ राहू दे. नोंद बरोबर की चूक? एका शब्दात."

रंभाजी उभा राहिला. त्याची वही टेबलावर उघडी होती. ती देखणी पानं, एकाखाली एक आकडे. त्यानं वहीकडे बघितलं, छगनकडे नाही. मला आठवतं, त्याचे ओठ हलले, आणि त्याच्या तोंडून "चूक" येणार असं मला वाटलं.

"नोंद बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला.

आणि ती बरोबरच होती. पट्टीवर पाणी अडीच फूटच होतं. पण तिथं बसलेल्या प्रत्येकानं त्याचा एकच अर्थ घेतला, की वरून वीस गेले. साहेबांनी कलमानं खूण केली. महिन्याच्या आत छगनला कामावरून काढल्याचा कागद आला. तो कागद त्याच्या हातात मीच दिला. त्यानं सही करायच्या आधी नीट वाचला, घडी घातली आणि टोपीत ठेवला.

फेब्रुवारीअखेर थोडं पाणी पुन्हा सुटलं. या वेळी चारी दुष्काळी कामात घेऊन शेवटपर्यंत खरवडून साफ केली होती. योगायोग असा, की खडी फोडणाऱ्यांच्या टोळीत छगनही होता, आणि त्याच्या टोळीला ती चारी आली. आपल्याला ज्यानं बुडवलं ते शेवाळ त्यानं रोजंदारीवर काढलं. पाणी सुटलं तेव्हा वर जेवढं गेलं, तेवढं जिरणं वजा जाता टेलला पोचलं. रंभाजीनं चारीच्या तळाला, मध्याला आणि वर, तिन्ही ठिकाणी काठीला बांधलेले दोरे सोडून वेग बघितला. त्याच्या कागदावरच्या रेघांशी सगळं जुळलं. तो धावत माझ्याकडे आला. मी म्हणालो, प्रकरण आता बंद झालंय.

"बंद कसं हुईल? पुरावा आता मिळाला."

"वर कळवतो," मी म्हणालो. मी कळवलं नाही.

एप्रिलमध्ये एके दिवशी दुपारी त्यानं गाडी जुंपली. पन्हळ, फरशी, काच, बुचाची घागर, खड्यांची पुडी. "छगनला दाखवून येतो. त्याला तरी कळू दे, त्यानं काय केलं न्हवतं म्हून." जणू छगनला हे ठाऊक नव्हतं! पण रंभाजीला तसं खरंच वाटत होतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी गाडीत बसलो.

छगनचं घर वस्तीच्या कडेला. छगन दारात खाटेवर बसला होता, खडी फोडून हाताला पडलेले घट्टे बघत. आम्हाला बघून उठला. राहीबाईनं आतून तांब्याभर पाणी आणलं आणि मग घोटाळून तशीच उभी राहिली, कारण तिलाही जुनी गोष्ट माहीत होती. रंभाजीनं हात पुढं करून तांब्या घेतला आणि घटाघट पिऊन टाकला. त्यामुळे मला वाटलं, आता हा ते वाक्य बोलेल, आपला आकडा चुकला म्हणून.

तो म्हणाला, "राहीबाई, दोन घागरी पानी लागंल."

राहीबाईनं नवऱ्याकडे बघितलं. ती आत गेली आणि एकेक करून दोन घागरी उचलून आणल्या. घरात आणखी पाणी होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं.

रंभाजीनं पन्हळ लावली, चाळण बसवली, फरशी ठेवली. हातांना घाई होती, तोंडाची टकळी चालू होती. खडा सोडला. रेघ उभी राहिली, वाकली. "बघ छगन, पाय बघ तिचा, हलतोय का?" दुसरा खडा. मग गोणपाट. मग तिसरा. वस्तीवरच्या दोन-चार बायका येऊन बघू लागल्या. दोन्ही घागरींचं पाणी वाहून खालच्या घंगाळात पडलं आणि जांभळं झालं. छगन उकिडवा बसून शेवटपर्यंत बघत होता. नीट बघत होता, कारण चांगलं काम त्याला कळायचं.

सगळं संपल्यावर रंभाजीनं हात पुसले. "आता कळलं? तू चोर न्हाईस. पान्यानंच दगा दिला."

छगननं घंगाळातल्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तात्या, येवढं पानी कशापायी नासवलं? मला आदीपासनंच ठावं हुतं. चौदा वर्सं पाटात उतरतुया. पाय तळाला लागलं की पानी वढत न्हाई, गुडघ्याला वढतंय, कंबरंला पाडतंय. गवत आसलं की गुडघ्यालाबी वढ न्हाई. ह्ये मला फरशीवर दावायला नगं हुतं."

रंभाजी चाळण काढायला वाकला. छगन पुढं म्हणाला,

"तुमी त्या दिशी 'चूक' म्हनला आसता, तरी भागलं आसतं. येकच सबूद हुता. रावसाहेबांचं मी धरत न्हाई. त्ये आज हैत, उद्या बदलून जात्याल. तुमी हितलं. तुमी माजं."

राहीबाई वाकून रिकाम्या घागरी उचलायला लागली. रंभाजीनं पुढं होऊन त्या तिच्या हातातून काढून घेतल्या. तिनं सोडल्या नाहीत, तेव्हा तो म्हणाला, "दे बाई, मी आनतो."

गावची विहीर पाऊण मैल. एक घागर त्याच्या खांद्यावर, दुसरी मी घेतली. विहिरीवर चाळीस-पन्नास बायाबापड्या रांगेत होत्या. तळाला साचेल तसं पोहऱ्यानं काढायचं, म्हणून रांग हलत नव्हती. खात्याची माणसं आली म्हणून कुणी तरी पुढं बोलावलं. सरपंच श्रीमंतही तिथंच होते. म्हणाले, "या रंभाजीतात्या, रावसाहेब, या. तुमाला कशाला रांग? कुनाला पायजे पानी?"

"छगनच्या घरला," रंभाजी म्हणाला.

रंभाजीनं घागर खाली ठेवली. रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात तो बोलला.

"माजी नोंद चूक हुती. वरनं वीस गेलंच न्हवतं. पाटात गवत हुतं. छगननं तुमचं थेंबभर पानी कुनाला दिलं न्हाई. मी साहेबाफुडं चूक म्हनलो न्हाई, म्हून त्याची नोकरी गेली."

श्रीमंत माझ्याकडे वळून म्हणाले, "काय वो रावसाहेब, पन सफाई तर झाली हुती न्हवं?"

रंभाजीनंही माझ्याकडे बघितलं. त्यानं काही मागितलं नाही, फक्त बघितलं. मग घागर उचलून तो रांगेच्या शेवटी, जिथं राहीबाईला उभी करत, तिथं जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. दुसरी घागर माझ्या हातात होती, आणि मी काही बोललो नाही.